झालं म्हणेपर्यंत हलायचं नाही

माझ्या ऑफिसात खुर्चीच्या मागं एक प्रशस्तिपत्र टांगलेलं आहे. वसतिगृहात आग लागली तेव्हा वेळीच भोंगा वाजवून आणि नियमित घेतलेल्या रंगीत तालमींच्या जोरावर मी सगळ्या मुलींचे प्राण वाचवले, असं त्यात लिहिलं आहे. मी ते दोनदा काढून कपाटात ठेवलं आणि दोन्ही वेळा संस्थेतल्या कुणीतरी ते परत खिळ्याला अडकवलं. भोंगा मीच वाजवला, तालमीही मीच घेतल्या, त्यात खोटं काही नाही. पण त्या दिवशी सात वर्षांची एक पोर मरणाच्या दारात उभी राहिली ती या दोन गोष्टींमुळंच, हे त्या कागदावर नाही आणि मी आजवर कुणाला सांगितलेलंही नाही.

आमचं वसतिगृह भूम आणि ईटच्या मधे, हात दाखवला तर एसटी थांबते अशा जागी आहे. ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या मुली आमच्याकडं राहतात. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाच्या गाड्या येतात, गावं निम्मी रिकामी होतात आणि चाळीस-बेचाळीस पोरी पत्र्याच्या पेट्या घेऊन आमच्या दारात उभ्या राहतात. त्या इथं राहिल्या नाहीत तर आईबापाबरोबर फडावर जातात, मोळ्या बांधतात, आणि दोन-तीन वर्षांत त्यांच्या लग्नाची पत्रिका येते. म्हणून इथली प्रत्येक पोर मला माझी वाटते. वाटायची, असं म्हणावं का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

आगीच्या आदल्या वर्षीच्या हिवाळ्यात एक दारू प्यालेला माणूस भरदुपारी आमच्या काटेरी कुंपणातून आत शिरला आणि नळापाशी बसून राहिला. त्यानं काही केलं नाही. रस्त्यावरची माणसं आली, त्याला बखोटीला धरून घेऊन गेली. पण त्यानंतर कितीतरी दिवस पोरी संडासला चौघी-चौघी मिळून जायच्या. मोबाइलवरून बातमी फडावर पोचली आणि तीन आयांनी मुलींना घेऊन जातो असा निरोप धाडला. तेव्हा मी खरोखर घाबरले. अशात सरकारचं पत्र आलं की सेवाभावी संस्थांना आपत्तीच्या पूर्वतयारीसाठी आणि सुरक्षेसाठी अनुदान मिळणार आहे. मी उडीच घेतली. सरकारी काम आणि सहा महिने थांब म्हणतात, आमचं पाचच महिन्यांत मंजूर झालं. मला तो शुभशकुन वाटला.

त्या अनुदानातून पुरुषभर उंचीची भिंत झाली, एकच लोखंडी गेट झालं, खिडक्यांना गज बसले, कॅमेरा आला, आग विझवायची चार लाल नळकांडी आली. आणि भोंगा आला. त्याचं बटण माझ्या टेबलाशेजारी आणि कर्णा छतावर. एकदा दाबला की पूर्ण तीन मिनिटं थांबत नाही. चोराला बंद करता येऊ नये म्हणून तशी सोय केली आहे, असं बसवणाऱ्यानं मोठ्या कौतुकानं सांगितलं. पहिल्यांदा वाजवला तेव्हा शेजारच्या शेळ्यांनी दावी तोडली.

या सगळ्यावर एकच माणूस नाराज होतं, ती आमची स्वयंपाकाची मावशी. मावशी उमरग्याकडची. भूकंपात तिचा नवरा, सासू आणि दोन लेकरं दगडी भिंतीखाली गेली. ती तेवढी अंगणात झोपली होती म्हणून वाचली आणि मग भावाच्या आधारानं इकडं आली. तेव्हापासून दाराला कडी लावून ती कधी झोपली नाही. नवी भिंत उभी राहताना ती गवंड्याच्या मागं उभी राहून बघायची. एकदा मला म्हणाली, "बाई, भिताड राखतं बी आन् मारतं बी. मागल्या अंगाला एक वाट तरी ऱ्हाऊ द्या." मी तिला योजनेचा नियम समजावून सांगितला की आत यायला एकच दार हवं, तरच सुरक्षा म्हणता येते. ती भाकरी थापायला आत गेली. मला वाटलं, तिला पटलं.

मावशीची स्वतःची एक तजवीज होती. स्वयंपाकघराच्या दारात ती भांड्यांची उतरंड लावून ठेवायची. खाली मोठं पातेलं उपडं, त्यावर लहान, त्यावर आणखी लहान, आणि सगळ्यात वर तांब्या. जमीन हलली की तांब्या आधी पडतो, असं तिच्या गावची माणसं भूकंपानंतर शिकली होती. भांडी पडल्याचा आवाज आला की हातातलं टाकून रस्त्यावर पळायचं, कुणाची वाट बघायची नाही, मागं वळायचं नाही, हे तिनं सगळ्या पोरींना शिकवलेलं. मधूनच ती मुद्दाम उतरंड लाथाडायची आणि पोरी हसत-किंचाळत कुंपणापलीकडं पळायच्या. मी रागवायचे, कारण भांड्यांना पोचे पडत.

अनुदानाच्या पुढच्या हप्त्यासाठी एक अट होती. मुलींची रंगीत तालीम घेऊन तिचा फोटो पाठवायचा, आणि फोटोखाली जागा आणि वेळ आपोआप उमटलेली पाहिजे. मी पहिली तालीम अगदी मनापासून घेतली. भोंगा वाजवला, पोरींना पळायला सांगितलं, आणि त्या पळाल्याही. कुणाची ओढणी उडालेली, कुणी अनवाणी, कुणी मागं वळून हसणारी. तो फोटो परत आला. तालुक्याच्या ऑफिसातली एक मुलगी फोनवर नम्रपणे म्हणाली की फोटोत गोंधळ दिसतोय, शिस्त दिसली पाहिजे. दुसऱ्या फोटोत योजनेचं नाव दिसत नव्हतं. तिसऱ्यात सगळ्या मुली मावल्या नव्हत्या. चौथ्यात सगळं होतं, पण खाली जागेचा आकडा उमटला नव्हता.

मग मी डोकं चालवलं. अंगणाच्या डाव्या अंगाला स्वयंपाकघर, त्याची अंगणाकडची भिंत लांबरुंद आणि नवा चुना दिलेली. तिच्यावर योजनेचं नाव निळ्या अक्षरांत रंगवून घेतलं. भोंगा वाजला की पोरींनी धावत येऊन त्या भिंतीला पाठ लावून उंचीप्रमाणं उभं राहायचं, लहान पुढं, मोठ्या मागं. मी समोरच्या व्हरांड्यात मोबाइल घेऊन उभी. रांग सरकवायची असेल तर मी हात हलवायचे आणि पोरी एक पाऊल तिकडं सरकायच्या. चार-पाच वेळा करून घेतल्यावर असं बसलं की भोंग्याचा पहिला सूर निघाल्यापासून मिनिटभरात रांग तयार. मला त्याचा अभिमान वाटला, कबूल करते.

फोटोत एक गोष्ट खटकत होती, मावशीची उतरंड. दारापाशी ती काळी पातेली अगदी अडगळ दिसायची. मी ती हलवायला सांगितली. मावशीनं एकदाच विचारलं, "मंग पोरीस्नी कळंल कसं?" मी म्हणाले, आता भोंगा आहे ना. तिनं भांडी उचलली आणि पाण्याच्या टाकीमागं नेऊन तिथं पुन्हा तशीच रचली. मी बघून न बघितल्यासारखं केलं.

भांडी हलवली त्याच्या दुसऱ्या आठवड्यात ती पोर आली. दुसरीतली, परांड्याकडची. आईबाप उशिरा निघाले म्हणून सगळ्यांच्या मागून आली. पहिले आठ दिवस ती बोललीच नाही. ताटाशी बसायची आणि दाराकडं बघत राहायची. मी तिला युक्तीनं रुळवलं. फोटोत सगळ्यांच्या पुढं कुणीतरी पाटी धरून उभं राहायला हवं होतं, पाटीवर 'रंगीत तालीम' असं लिहिलेलं. सगळ्यात बुटकी तीच, तिच्यामुळं मागचं कुणी झाकलं जात नव्हतं. मी तिला पाटी दिली आणि सांगितलं की ही तुझी जबाबदारी. फोटो हलला की परत घ्यावा लागतो, म्हणून मी 'झालं' म्हणेपर्यंत हलायचं नाही. पोर इतकी ताठ उभी राहिली की पापणीसुद्धा लवेना. मी 'झालं' म्हणाले आणि ती पहिल्यांदा हसली. त्या दिवसापासून ती माझ्या मागं-मागं फिरायची, आज फोटो आहे का म्हणून विचारायची. पाटी झोपायच्या खोलीत खिळ्याला टांगलेली असायची, आणि तिला दुसऱ्या कुणी हात लावला की भांडण.

भांड्यांचा नियम तिला कुणी सांगितलाच नव्हता. तो आता कशाला लागणार होता? तिला फक्त माझा नियम माहीत होता.

संक्रांतीच्या अलीकडचा रविवार होता, दुपारची वेळ. मी ऑफिसात फाइल लावत बसले होते. पाचवा फोटो मंजूर झाला होता आणि मी खुशीत होते. धुराचा वास आला. आमच्याकडं धुराच्या वासानं कुणी मान वर करत नाही, रस्त्यापलीकडं खव्याची भट्टी आहे आणि ती दिवसभर धुमसत असते. मी उठून खिडकी लावून घेतली आणि परत बसले. किती वेळ गेला, सांगता येणार नाही. कागदांच्या दोन चळती लावून झाल्या एवढं आठवतं. मग मावशीच्या ओरडण्यानं मी बाहेर आले. स्वयंपाकघराच्या पत्र्याखालून धूर निघत होता, आणि तो काळा होता. भट्टीचा धूर काळा नसतो. गॅसची नळी पेटली होती, मावशी नळावर तांदूळ धुवायला गेली होती तेवढ्यात. आत गॅसच्या दोन टाक्या होत्या. दाराबाहेरचं लाल नळकांडं कसं चालवायचं ते तिला मी दाखवलं नव्हतं. एकदा पिन काढली की भरून आणायला धाराशिवला जावं लागतं, म्हणून मी कुणाला हातच लावू दिला नव्हता.

मी मागं फिरले आणि बटण दाबलं.

त्या क्षणी मला त्यात काही चुकीचं वाटलं नाही. भोंगा वाजला आणि खोल्यांतून पोरी बाहेर आल्या. कुणी वेणी अर्धी सोडलेली, कुणाच्या हातात वही. त्या धावत अंगणात आल्या आणि डावीकडं वळल्या. पेटलेल्या स्वयंपाकघराच्या भिंतीला पाठ लावून उंचीप्रमाणं उभ्या राहिल्या. लहान पुढं, मोठ्या मागं. वर पत्र्याच्या कडेनं धूर वाहत होता आणि पोरी माझ्याकडं बघत होत्या, मोबाइल कधी वर करते म्हणून. सगळ्यांच्या पुढं ती, पाटी छातीशी धरून.

मी व्हरांड्यातून ओरडत होते, पळा, पळा. भोंग्यात माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता. मी दोन्ही हातांनी गेटकडं खुणा केल्या. पोरींनी ते बघितलं, आणि सगळी रांग शहाण्यासारखी एक पाऊल उजवीकडं सरकली. मी आणखी जोरात हात हलवले. त्या आणखी एक पाऊल सरकल्या. तो भोंगा मला बंद करता येत नव्हता.

मावशी त्यांच्या समोर उभी राहून हातवारे करत होती, एकदोघींना तिनं धरून ओढलंही, पण त्यांनी हात सोडवून घेतले आणि परत जागेवर जाऊन उभ्या राहिल्या. फोटो बिघडला की बाई रागावतात हे त्यांना पक्कं माहीत होतं. मग मावशी पाण्याच्या टाकीमागं पळाली. मला वाटलं ती पाणी आणायला गेली. ती दोन्ही हातांत पातेली घेऊन आली आणि तिनं ती पोरींच्या पायांत फेकली. फरशीवर भांडी आदळली, तांब्या गडगडत गेला. मोठ्या पोरींचे चेहरे एकदम बदलले. एक पळाली, मग दहा, मग सगळ्याच. गेटला दिवसा कुलूप नसायचं, नुसती कडी असायची, हे आमचं नशीब. त्या रस्त्यावर जाऊन पोचल्या.

भिंतीपाशी ती एकटी राहिली. पायाशी पातेलं पडलेलं, डोळे माझ्यावर. धुरानं डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती ते पुसतही नव्हती, कारण पुसायला पाटी सोडावी लागली असती.

मावशी परत वळली. तिनं पोरीला पाटीसकट उचललं आणि पळाली. नळापर्यंत पोचली असेल-नसेल, तेवढ्यात गॅसची टाकी फुटली. भिंत योजनेच्या नावासकट अंगणात आली. मावशी पोरीवर पालथी पडली. मी तोवर व्हरांड्याची पायरीसुद्धा उतरले नव्हते.

धाराशिवच्या दवाखान्यात मावशी महिनाभर होती. तिची पाठ भाजली, उजव्या हाताची बोटं आता नीट मिटत नाहीत. पोरीला वरवर खरचटलं होतं, पण स्फोटानं तिचा डावा कान गेला आणि उजव्यानं थोडं कमी ऐकू येतं. तिचा बाप दुसऱ्या दिवशी कर्नाटकातल्या फडावरून आला, अंगावर उसाची कुसं तशीच. मी त्याला सगळं सांगायचं ठरवलं होतं. मी तोंड उघडायच्या आधी त्यानं वाकून माझ्या पायांना हात लावला. म्हणाला, "बाई, तुमचा भोंगा व्हता म्हून लेकरू हाती लागलं. आमी तिकडं बिनघोर असतो ते तुमच्या जिवावर." त्याला बातमी मोबाइलवर कळली होती, आणि बातमीत तसंच लिहिलं होतं. मी म्हणाले, देवाची कृपा. मला त्या वेळी स्वतःची किळस आली, आणि तरी मी तेवढंच म्हणाले.

मावशीनंही कुणाला काही सांगितलं नाही. प्रशस्तिपत्र मिळालं त्या दिवशी मी ते घेऊन तिच्याकडं गेले, तुझंच आहे म्हणाले. तिनं ते उलटसुलट करून बघितलं आणि विचारलं की मागच्या अंगाला वाट कधी पाडणार. ती वाट मी दुसऱ्या आठवड्यात पाडली, नियम गेला खड्ड्यात. उतरंड पुन्हा दारात आली. आता ती मी रचते, मावशीला बोटांनी जमत नाही.

या हंगामात पुन्हा पत्र आलं की तालमीचा नवा फोटो पाठवा. मी दोन आठवडे पोरींकडून एकच गोष्ट करून घेतली. भोंगा असो, भांडी असो, काहीही वाजलं की बाहेर, रस्त्यावर, सगळ्यांत जवळ असेल त्या दारानं. रांग नाही, पाटी नाही. फोटोत गोंधळ दिसला तर दिसू दे. पोरी चांगल्या तयार झाल्या.

तालमीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी त्या पाटीवाल्या पोरीचा बाप तिला घेऊन आला. उपचारासाठी ती इतके महिने घरी आजीकडं होती. मी त्याला विचारलं, पुन्हा इथं ठेवायला जीव धजतो का? तो हसला. म्हणाला की इथल्याइतकी ती दुसरीकडं कुठंच सुरक्षित नाही. पोर माझ्याकडं बघून लाजली आणि आत पळाली. तिला नवा नियम सकाळी सांगू असं मी मनात ठरवलं. सकाळी फोटोच्या गडबडीत ते राहून गेलं. मावशी म्हणते मी लिहून ठेवत जावं. खरं आहे, पण हे लिहून ठेवायची गोष्ट होती का?

भोंगा वाजवला. पोरी दोन्ही दारांनी सुसाट बाहेर गेल्या. मी रस्त्यावर जाऊन मोजल्या. परत मोजल्या. एक कमी होती.

मी धावत आत आले. जुन्या स्वयंपाकघराच्या जागी आता नुसता चौथरा आहे. त्याच्यापुढं ती एकटी उभी होती, ताठ. दफ्तरातली पाटी काढून तिनं छातीशी धरली होती. पाटीवर काहीच लिहिलेलं नव्हतं. मला बघितल्यावर तिचे ओठ हलायला लागले. भोंगा चालूच होता, म्हणून मी अगदी तोंडाजवळ कान नेला. ती रडवेली झाली होती.

"मावशीनं उचाललं म्हून, बाई," ती म्हणाली. "त्या दिशी म्या हालले न्हाय. तुमी झालं म्हन्लाच न्हाय."

मी गुडघ्यांवर बसले आणि म्हणाले, झालं. पुन्हा म्हणाले. भोंग्याचं अजून मिनिटभर उरलं होतं, तिला ऐकू गेलं नाही. पाटी घट्ट धरून ती माझ्याकडं बघत तशीच उभी राहिली.